पूर्वेची भिंत

आमच्या गावात इसाक ड्यूक नावाची पाच माणसं आहेत. आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं हे असंच. आडनावं मोजकी, नावं त्याहून मोजकी, म्हणून प्रत्येकाला एक टोपणनाव चिकटतं आणि ते मेल्यावरच सुटतं. एक डुकरांचा इसाक, एक लांब इसाक, एक पुलाजवळचा इसाक आणि एक नुसताच इसाक, कारण त्याच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं कुणाला काही सापडलंच नाही. पाचवा मी. मला नाही-इसाक म्हणतात.

मी लोकांच्या घरी गॅसच्या फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या, बसवतो. एकेचाळीस वर्षं झाली. कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबाच्या थंडीत सगळं घर तळघरातल्या त्या फर्नेसच्या जिवावर चालतं, पण तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघायची वेळ आली की मला बोलावतात, आणि मी बहुतेक वेळा 'नाही' म्हणतो. पाद्री पेनर यांनी फर्नेसचा आवाज येऊ नये म्हणून तिच्याभोवती सुबक कपाट बांधून घेतलं, दाराला रबरी पट्टीसुद्धा लावली. मी म्हटलं, "नाही. काढा हे."

"अरे, पण किती नीट झालंय बघ तरी!"

"शवपेटीही नीटच असते, पाद्रीबुवा. आत हवा कुठून येणार?"

आणि टांटे सारा, म्हणजे सारामावशी. ती दर नोव्हेंबरात ताज्या हवेच्या नळीत नवऱ्याची जुनी विजार कोंबायची, गार हवा येते म्हणून. मी दर नोव्हेंबरात जाऊन ती उपसून काढायचो. "टांटे, आगीला श्वास लागतो. नाही मिळाला तर ती विषारी वायू सोडते, वास नसलेला. झोपेत माणूस संपतो," असं सांगायचो. ती म्हणायची, "श्वास मलाही लागतो, पण मी काही एवढी गार हवा ओढून घेत नाही." त्या विजारीवरून आमचं अकरा वर्षं भांडण चाललं. पण टांटे सारा म्हातारपणानं गेली, वायूनं नाही.

तर अशा या नाही-इसाकच्या तोंडून एकदाच 'नाही' निघालं नाही. ते माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या अंगणात. याकोब जानेवारीत गेला. त्याच्या बायकोला, युस्तीनाला, मला एकच गोष्ट सांगायची होती: ती भिंत चुकीची होती आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं. चार महिने मी ती गोष्ट घेऊन तिच्या घरी जात होतो आणि तशीच परत आणत होतो.

याकोब आणि युस्तीना गावापासून सात मैलांवर, वडिलांच्या शेतावर राहायचे. दहा वर्षांपूर्वी त्या रस्त्याला गॅसची लाइन आली, तेव्हा त्यानं तेलावरची जुनी फर्नेस काढून गॅसची बसवायची ठरवली. दुसऱ्या कुणाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

फर्नेस बसवण्यात मोठंसं काही नाही. जमीन समतल हवी, भोवती माणसाला वावरता येईल एवढी जागा हवी, जवळ रंगाचे डबे आणि कागदाचे गठ्ठे नकोत. डोकं लागतं ते पाइप कुठून बाहेर काढायचा हे ठरवायला. जुन्या फर्नेसचा धूर धुराड्यातून वर जायचा. नव्या फर्नेसचा धूर इतका निवलेला असतो की तो धुराडं चढतच नाही. त्याला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपानं भिंतीतून बाहेर काढावं लागतं. तो पाइप खिडकीपासून लांब हवा, दारापासून लांब, मीटरपासून लांब, आणि आमच्याकडे सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बर्फाच्या वर हवा.

याकोबच्या घराच्या उत्तरेला वारा थेट तोंडावर येतो. दक्षिणेला मीटर आणि झोपायच्या खोलीची खिडकी. उरल्या दोन भिंती. स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेची. वादळात वारा तिला घासत जातो आणि तिथला सगळा बर्फ झाडून नेतो. शिवाय मागचं दार तिथून सहा पावलांवर. पूर्वेची भिंत म्हणजे घराची पाठ, वाऱ्याचा आडोसा. नवख्या माणसाला वाटतं, आडोशाची बाजू बरी. पण वारा जिथे दमतो तिथेच हातातलं ओझं खाली ठेवतो, आणि आमच्याकडे ते ओझं खिडक्यांपर्यंत येतं. हे मला माहीत होतं. मला नाही तर कुणाला माहीत असणार?

ऑक्टोबर होता. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं फुली मारली आणि म्हटलं, "इथे."

याकोब खिशात हात घालून उभा होता. त्याच्या मागे लायलॅकचं, जांभळ्या सुवासिक फुलांचं झुडूप होतं, पानं पिवळी पडलेलं, त्याच्याहून उंच.

"इथे नको," तो म्हणाला.

"का?"

"झुडूप आहे."

"आहे ना. दोन हिवाळ्यांत मरेल ते. गरम ओली वाफ लागणार, वर लगेच गोठणार. उपटून दुसरीकडे लाव."

"एवढं जुनं झुडूप हलतं होय? काहीतरीच तुझं."

"मग नवीन आण. नर्सरीत पैशाला पासरी मिळतात."

तो झुडपाकडे वळला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आगाताचं झुडूप होतं. आगाता त्यांची एकुलती एक मुलगी. अकराव्या वर्षी ताप आला आणि तीन दिवसांत गेली. त्याच वसंतात तिनं आजीच्या अंगणातून मुळासकट एक फुटवा आणून स्वयंपाकघराच्या भिंतीशी लावला होता. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आम्ही दुःख झालं की गोठा झाडतो, बटाटे काढतो, छप्पर दुरुस्त करतो. बोलत नाही.

"युस्तीनाचा जीव आहे त्यात," याकोब हळूच म्हणाला.

मी खिडकीकडे बघितलं. युस्तीना आत भांडी घासत होती. तिनं मान वर करून आमच्याकडे बघितलं, आधी माझ्या हातातल्या खडूकडे, मग याकोबकडे, आणि पुन्हा खाली बघून ताटली घासायला लागली. बराच वेळ ती एकच ताटली घासत राहिली. मला वाटलं, ही विनवते आहे.

'नाही' जिभेवर आलं होतं. पाद्रीबुवांना म्हणालो होतो, टांटे साराला म्हणालो होतो, बँकेच्या मॅनेजरला म्हणालो होतो. पण मेलेल्या मुलीच्या झाडापुढे उभं राहून तिच्या बापाला 'नाही' कसं म्हणायचं, ते मला जमलं नाही.

"बरं," मी म्हणालो, "पूर्वेला काढू."

मग मी जीव ओतून काम केलं. भावाला विचारलं, "बर्फ जास्तीत जास्त कुठवर आला होता?" तो म्हणाला, "खिडकीच्या चौकटीवर एक वीत. बाबांच्या वेळी." मी पाइप भिंतीला धरून त्याच्याही वर दोन फूट नेला. आतला पाइप उतरता ठेवला, म्हणजे साचलेलं पाणी परत फर्नेसकडे वाहून निचऱ्यात जाईल. गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं. विषारी वायूची घंटी झोपायच्या खोलीबाहेर लावली आणि बटण दाबून ती एवढी केकाटवली की युस्तीनानं कानांवर हात ठेवले. तपासनीस आला, मापं घेतली, पास करून गेला. कागदावर चूक कुठेच नव्हती. पण मी कागद बघून काम करणाऱ्यांतला कधीच नव्हतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की फर्नेसच्या पत्र्यावर काळ्या पेनानं तारीख आणि नाव लिहायचं. पुढे येणाऱ्याला कळावं, आधी कुणाचा हात लागला होता. मी तारीख लिहिली, नाव लिहिलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बंद पडली तर आधी पूर्वेचा पाइप बघ. बर्फ काढ.'

"नवी फर्नेस शहाणी असते," मी याकोबला सांगितलं. "पाइप बुजला तर विष घरात सोडत नाही, स्वतःच बंद पडते. हा लाल दिवा लुकलुकेल. घाबरायचं नाही. बाहेर जायचं, पाइप मोकळा करायचा, आत यायचं."

"तू नाही यायचास?" याकोब हसून म्हणाला.

"एवढ्यासाठी मला बोलावलंस तर तुझ्या घरचं सगळं सॉसेज संपवून जाईन."

नऊ हिवाळे काही झालं नाही. नवव्या वर्षी तर मी ती भिंत विसरूनही गेलो होतो.

या जानेवारीत शुक्रवारी वादळ सुरू झालं आणि रविवारीही थांबेना. उणे चौतीस. चर्च बंद, रस्ते बंद. माझ्या खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. मी एकटाच असतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली. रविवारची दुपारची कॉफी आणि बन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. युस्तीना होती. सहा आठवड्यांपूर्वीच तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, वॉकरशिवाय चालता येत नव्हतं.

"इसाक," ती म्हणाली, "याकोब पाइप मोकळा करायला गेलाय. दीड तास झाला."

मी लांब इसाकला उठवलं. त्याच्याकडे बर्फ ढकलणारा मोठा ट्रॅक्टर आहे. सात मैलांना दोन तास लागले. लांब इसाक वाटेत एकदाही बोलला नाही, आणि तो गावातला सर्वांत बडबड्या माणूस आहे.

घराच्या पूर्वेला बर्फ चौकटीच्या कितीतरी वर गेला होता, बाबांच्या वेळच्या खुणेच्याही वर. त्यात याकोबनं फावड्यानं एक खड्डा खणला होता, चांगला रुंद, कडा सरळ कापलेल्या. त्याचं प्रत्येक काम असंच असायचं. पाइप स्वच्छ मोकळा होता. त्यातून वाफ येत होती. याकोब पाइपाखाली भिंतीला पाठ लावून बसला होता, फावडं मांडीवर. वाफेचं पाणी होऊन त्याच्या टोपीवर आणि खांद्यांवर गोठलं होतं. मी हातमोज्यानं ते काढायला लागलो. लांब इसाकनं माझा हात धरला तेव्हा मला कळलं की मी बराच वेळ तेच करतोय.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. या वयात एवढा बर्फ उपसल्यावर होतं असं.

त्याला मागच्या दारानं आत घेतलं तेव्हा घर गरम होतं. युस्तीना कॉटवर दाराकडे तोंड करून बसली होती. मी तळघरात गेलो, कारण मला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. फर्नेस मजेत चालू होती. पत्र्यावर माझं अक्षर होतं: 'आधी पूर्वेचा पाइप बघ. बर्फ काढ.' माझ्या भावानं आयुष्यात माझं फारसं काही ऐकलं नाही. हे ऐकलं.

अंत्यविधीला मनुका घातलेले बन झाले, कॉफी झाली, सगळे म्हणाले देवाची इच्छा. मी मान हलवली. त्या भिंतीला देव 'बरं' म्हणाला नव्हता. त्यानंतर मी दर शनिवारी युस्तीनाकडे जायला लागलो. दरवेळी वाटेत वाक्य जुळवायचो. युस्तीना, मला एक सांगायचंय. आणि दरवेळी ती दार उघडून म्हणायची, "नळ गळतोय बघ," किंवा "कोंबड्यांना दाणा टाकतोस का?" मी नळ दुरुस्त करायचो, दाणा टाकायचो आणि घरी यायचो. दोघंही एकाच मातीचे.

मग मेमध्ये, मंगळवारी सकाळी, तिचा फोन आला.

"हत्यारं घेऊन ये. तो पाइप हलवायचाय."

"कुठे?"

"तू फुली मारली होतीस तिथे."

"युस्तीना, तिथे तर..."

"मला माहितेय तिथे काय आहे. ये लवकर, कळ्या धरायला लागल्यात."

मी पोचलो तेव्हा ती अंगणात स्वयंपाकघराची खुर्ची टाकून बसली होती, वॉकर बाजूला, हातात फांद्या कापायची करवत. निम्मं झुडूप आडवं झालं होतं. तिच्या केसांत भुसा होता, आणि ती अशी धापा टाकत होती की मी धावतच गेलो.

"वेडी झालीस का? खुबा निखळला म्हणजे?"

"निखळू दे. बसवायला तू आहेस ना." तिनं करवत माझ्या हातात दिली. "जाड फांद्या राहिल्यात. त्या तू काप."

मी करवत घेतली पण चालवली नाही. आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता नाही तर कधीच नाही.

"युस्तीना," मी म्हणालो, "हे झुडूप तुझं... म्हणजे याकोब म्हणाला होता, तुझा जीव आहे यात. म्हणून तर मी..."

"याकोब म्हणाला होता?"

"हो. त्या दिवशी. इथेच."

तिनं आडव्या फांद्यांकडे बघितलं.

"माझा?" ती म्हणाली. "इसाक, हे फुललं की मी खिडकी लावून घ्यायचे. पडदा ओढून घ्यायचे. आख्खे दोन आठवडे. वास आला की मला ती दिसायची, कुदळ घेऊन उभी, गुडघ्यापर्यंत चिखल. तीस वर्षं मला वाटत होतं, वीज पडावी याच्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याचं होतं ना ते! तो दर उन्हाळ्यात पाणी घालायचा, छाटायचा. मला वाटलं, त्याच्यासाठी हे म्हणजे तीच. तू फुली मारलीस तेव्हा मी खिडकीतून त्याचं तोंड बघितलं. म्हटलं, हा माणूस मरेल आता. मी कोण त्याला तोड म्हणणारी?"

"आणि फुलायचं तेव्हा? तो काय करायचा?"

"लांबच्या शेतात असायचा," ती सावकाश म्हणाली. "दरवर्षी. कुंपण दुरुस्त करायला. जेवायचा डबासुद्धा घेऊन जायचा." मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं हात तोंडावर नेला. "दोन आठवडे कुठे कुंपण लागतं दुरुस्तीला, इसाक?"

त्यानं ते तिच्यासाठी जपलं, तिनं त्याच्यासाठी, आणि मी दोघांसाठी. तिघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तर माझा भाऊ आज शेतात असता. मी करवत चालवायला लागलो. लायलॅकचं लाकूड कठीण असतं, आत जांभळट. मी घामाघूम होईपर्यंत थांबलो नाही, आणि डोळ्यांतून जे येत होतं त्यालाही घाम म्हणून टाकलं.

काम दिवसभर चाललं. पूर्वेचं भोक बंद केलं, आतून-बाहेरून. तळघरातून नवा पाइप छताला टांगत पश्चिमेला आणला, उतार जपत, चार-चार फुटांवर आधार देत. जिथे दहा वर्षांपूर्वी खडूची फुली होती तिथेच भोक पाडलं. दुपारी युस्तीनानं बटाट्याचं सूप आणि सॉसेज वाढलं. जेवताना ती एकदम बोलायला लागली, मी काही विचारलं नव्हतं तरी.

"त्या रविवारी मी म्हटलं त्याला, इसाकला फोन कर. म्हणाला, रविवारी कशाला त्याला त्रास, आणि येणार कसा? पाइप तर मोकळा करायचाय, त्यानं लिहूनच ठेवलंय. गेला. मी कॉटवर बसले. घर गार पडत चाललेलं. मग खालून फर्नेसचा आवाज आला. आधी ती गुणगुणते ना, मग टिकटिक, मग आग पकडते. मला एवढं बरं वाटलं, इसाक. म्हटलं, झालं काम, आला आता. मी दाराकडे बघत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला राग यायला लागला. म्हटलं, फावडं पुसत बसला असेल, नाहीतर गोठ्यात गेला असेल. आला की चांगलं फैलावर घ्यायचं. 'किती वेळ लावलास?' असं म्हणायचं ठरवून बसले होते. गरम हवा यायला लागली पायावर, तरी मी रागातच." तिनं बशीतली बडीशेपेची पानं बाजूला सारली. "मेलेल्या नवऱ्यावर मी पाऊण तास रागावून बसले होते."

माझं वाक्य अजून सांगायचं राहिलंच होतं. पण हे ऐकल्यावर ते निघेना. मी सूप संपवलं आणि खाली गेलो.

चारच्या सुमाराला सगळं जोडून झालं. फक्त चालवून बघायचं राहिलं. मे महिना असला तरी तपासल्याशिवाय मी कुणाचं घर सोडत नाही. युस्तीनाला म्हटलं, "मी बाहेर पाइपापाशी उभा राहतो. तू थर्मोस्टॅट वाढव. आग पकडली की मी वाफ बघतो आणि आत येतो."

मी मागच्या दारानं बाहेर गेलो. सहा पावलं. खोडाचे बुंधे जमिनीलगत ओले दिसत होते. आत फर्नेस गुणगुणायला लागल्याचं मला भिंतीतून ऐकू आलं. मग टिकटिक, मग आग. पाइपातून आधी गार हवा आली, मग कोमट, मग गरम. मी पाइपापुढे हात धरला, हे करायचंच असतं. ओली ऊब तळहाताला लागली. याकोबच्या टोपीवर हीच येत होती, तासन्‌तास. त्याला जर ती लागली असेल, शेवटी थोडीशी तरी, तर बरं, असा एक विचार मनात आला, आणि मग मला तिथून हलता येईना. मी भिंतीला डोकं टेकलं आणि रडलो, माझ्या वयाच्या माणसानं रडू नये तसा. किती वेळ गेला कोण जाणे.

मग एकदम आठवलं की आत युस्तीना आहे. फर्नेस चालू झालेली तिनं ऐकली आहे. आणि ती दाराकडे बघत बसली असणार.

मी धावलो. सहा पावलांना धावलो. दार उघडलं तर ती तिथेच होती, त्याच कॉटवर, हात मांडीवर, चेहरा कागदासारखा पांढरा. तिनं मला बघितलं.

"किती वेळ लावलास?" ती ओरडली. "किती वेळ लावलास रे! माणूस इथे बसलंय जीव मुठीत धरून, आणि तुला काही आहे का त्याचं? काय करत होतास तिथे एवढा वेळ?"

चार महिने साठवलेलं होतं ते. मला ठाऊक होतं ते कुणासाठी आहे, आणि ज्याच्यासाठी आहे तो येणार नाही. मी टोपी काढून दारात उभा राहिलो आणि तिला बोलू दिलं. ती खूप बोलली. उद्धट बोलली, याकोबला लहानपणी आमची आई बोलायची तशी बोलली, आणि मग रडत बोलली, आणि मग थांबली.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ती डोळे पुसत होती.

"चुकलं माझं, युस्तीना. ती भिंत चुकीची होती. मला तेव्हाच माहीत होतं. मी 'नाही' म्हणायला हवं होतं, आणि मी 'बरं' म्हणालो."

तिनं रुमाल खाली ठेवला. खाली फर्नेस चालू होती, आणि गरम हवा जाळीतून आमच्या दोघांच्या पायांवर येत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी खिडकीतून बघितलं होतं तसंच.

"मला माहितेय," ती म्हणाली. "खिडकी उघडून 'नाही' मीही म्हणू शकले असते."

मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"आत ये आता. आणि बूट काढ. तो कधी काढायचा नाही."